वाशिंदच्या ओटीवर पुणे आणि मुंबई

मार्चचा पहिला रविवार. पेट्रोल अडीच हजार रुपयांचं, पेढे एक किलो, सहाशेचे. पुण्याहून निघताना गाडीत हजर दोघे: मी आणि अक्षय. हा तपशील आधीच लिहून टाकतो, कारण पुढे त्या दिवशी जे घडलं त्यात माझा एकही हिशेब बरोबर आला नाही.

अक्षय सत्तावीस वर्षांचा. चाकणच्या एका कारखान्यात मशीनवर काम करतो आणि तीन वर्षं माझ्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहतो. गाव मुरबाडच्या पुढे, माळशेज घाटाच्या पायथ्याशी. वडील नाहीत, आई एकटी शेती पाहते. त्याच्यासाठी स्थळ सुचवलं होतं माझ्या साडूनं, म्हणजे दिलीपरावांनी. ते मुलुंडला राहतात. त्यांच्या कंपनीत काशिनाथराव नावाचे एक गृहस्थ तीस वर्षं कामाला होते, त्यांची मुलगी वैभवी. घर वाशिंदला. मुलगी कल्याणच्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं काम करते. मुलगा-मुलगी शहापुरात दोनदा भेटले होते, फोनवर रोज बोलत होते, दोघांची पसंती होती. राहिली होती ती फक्त मोठ्यांची बैठक. मुलाकडून बोलायला मी आणि मध्यस्थ म्हणून दिलीपराव.

"काका, आज जमायलाच पाहिजे," आळेफाटा सोडल्यावर अक्षय म्हणाला. "नाही जमलं तर पुढच्या रविवारी बदलापूरचा मुलगा येणार आहे बघायला. तिच्या बाबांनी शब्द देऊन ठेवलाय."

मी म्हणालो, "खरं तेवढं बोलायचं, जमतं."

तो काही बोलला नाही. त्याच वेळी मला काही कळायला हवं होतं.

घाट उतरलो आणि हवा बदलली. पुण्याकडं सकाळी स्वेटर लागत होता, इथं काच खाली करावी लागली. दोन्ही बाजूंना कापून झालेली भातखाचरं, मधून मधून पळस पेटल्यासारखा फुललेला. एका वळणावर तर खरोखरच शेत पेटलेलं दिसलं. धूर, जाळ आणि आजूबाजूला कुणी घाई करताना दिसेना. मी गाडी थांबवली, पाण्याची बाटली घेऊन उतरलो आणि बांधावर बसलेल्या बाईला ओरडून सांगितलं, "शेत जळतंय तुमचं."

बाईनं माझ्याकडं आणि माझ्या एक लिटरच्या बाटलीकडं पाहिलं. "जळू द्या की. सकाळधरनं त्याच्यासाठीच बसलोय."

अक्षय गाडीत हसत होता. तो राब होता (भाताची रोपं करायच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण पसरून ती जमीन भाजतात, तो). वीस वर्षांत या रस्त्यानं मी कितीतरी वेळा गेलो असेन, पण थांबलो कधीच नव्हतो.

अक्षयच्या घरी पोचलो तर दिलीपराव आमच्या आधी येऊन ओटीवर (घरापुढच्या बसायच्या पडवीत) चहा पीत बसले होते.

"या अनिलराव. घड्याळ पुण्याचं दिसतंय."

"मी घाट उतरून आलोय. तुम्ही सरळ रस्त्यानं."

"सरळ? कल्याणच्या पुलावर पाऊण तास उभा होतो." आपण आपल्याच बाजूविरुद्ध बोललो हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. "पण ती शहराची गर्दी आहे हो. तुमच्याकडं नुसती गर्दी आहे, शहर कुठंय?"

हे आमचं पंचवीस वर्षांचं आहे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. लग्न, बारसं, तेरावं, काहीही असो, आम्ही समोरासमोर आलो की पहिल्या चहाला मुंबई-पुणे सुरू होतं. घरच्यांनी मनावर घेणं सोडून दिलंय. त्यामुळे हे बोलणं कुणी खरं धरू शकेल, असं आमच्या दोघांच्याही कधी मनात आलं नव्हतं.

अक्षयच्या आईनं, सुमनबाईंनी, देवापुढे नारळ ठेवला आणि आम्ही चौघं दिलीपरावांच्या गाडीतून निघालो. सरळगावहून किन्हवलीमार्गे शहापूर. रस्ता बराचसा सागाच्या झाडीतून जातो. मी सुमनबाईंना सहज विचारलं, मुरबाडातच मुलगी का नाही पाहिली?

"मुरबाडच्या पोरींना शहापूर-बदलापूर पायजे, भाऊ. माझ्या थोरल्या दिराच्या पोराला अकरा ठिकाणाहून नकार आला. शेत हाये, स्लॅबचं घर हाये, एमआयडीसीत कायम नोकरी हाये. पयला प्रश्न काय, तं स्टेशन किती लांब."

"आणि शिक्षण, पत्रिका?"

"ते मागनं. मुरबाडला गाडी येनार येनार म्हनतात. ती येईपर्यंत पोरगा पन्नाशीचा होईल."

मला वाटलं, चेष्टा करतायत. आरशात पाहिलं तर अक्षयही गंभीर होता. मुलाची योग्यता रेल्वे स्टेशनपासूनच्या अंतरावर ठरते, हे ऐकून मी खरंच थक्क झालो. दिलीपराव मात्र खूश. "बघा, म्हणजे शेवटी मुंबईच," म्हणाले.

वाशिंद म्हणजे एका बाजूला कारखान्यांची धुराडी, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींच्या जाहिराती आणि मधे अजून टिकून असलेली जुनी घरं. काशिनाथरावांचं घर स्टेशनपासून रिक्षानं दहा मिनिटांवर. स्वच्छ सारवलेलं अंगण, ओटीवर सतरंजी, मधोमध तबक. तबकात पान, सुपारी, अडकित्ता. दिलीपरावांनी मला हळूच समजावलं: बोलणं जमलं की ही सुपारी सगळ्यांसमोर फोडायची. फोडली की शब्द पक्का. नाही जमलं तर तबक तसंच आत जातं.

काशिनाथराव कमी बोलणारे. बोलत होत्या त्यांच्या थोरल्या भगिनी, ताराआत्या. वैभवी चार वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून आत्यानंच तिला वाढवलं. पाणी दिल्यावर आत्यांनी बसायचीही वाट पाहिली नाही.

"पोरगा पुन्याला ऱ्हातो ना? घरी कदी येतो?"

"महिन्या-दोन महिन्यांनी," अक्षय म्हणाला.

"माज्या भावानं तीस वर्सं मुलुंडला नोकरी केली. तीस वर्सं रातची भाकरी घरी खाल्ली. वैभवी कल्यानला जाते, ती बी रातच्याला घरी. आमच्याकडं असं हाये पावणं, मुंबईला गेलेलं मानूस रातीला येतं. पुन्याला गेलेलं मानूस गनपतीला येतं."

मी पंचवीस वर्षं या विषयावर वाद घालतोय. हवा, पाणी, भाडं, शाळा, नाटकं, खाणं, सगळं मोजून झालंय. पण शहर माणूस परत करतं की ठेवून घेतं, हे माप कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दिलीपरावांनी तिथंच थांबायला हवं होतं. पण ते म्हणाले, "अगदी बरोबर. मुंबईची गोष्टच वेगळी. आमच्याकडं पाणी बघा, कधी तोटा नाही."

"तुमच्याकडं?" आत्या म्हणाल्या. "तानसाचं पानी ते. धरन आमच्या तालुक्यात. पानी आमचं, नळ तेवडा तुमचा." आणि त्यांनी कोपऱ्याकडं हात केला. तिथं वीस लिटरचा निळा जार होता. "प्यायला आमी हे आनतो. इकत."

त्या जारकडं मी बघतच राहिलो. ज्या तालुक्याच्या पाण्यावर मुंबई चालते, त्या तालुक्यात पाहुण्याला दिलेला तांब्या विकतच्या पाण्याचा होता. पण खरं सांगायचं तर धक्क्यापेक्षा मला आनंद जास्त झाला, कारण मुंबईला टोला बसला होता. आणि तो आनंद माझ्या तोंडावर दिसला असणार.

"हसू नका अनिलराव," दिलीपराव म्हणाले. "तुमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर येतो."

"येतो. पण इमारत उभी आहे. तुमची पाडून चार वर्षं झाली, नवी अजून जमिनीच्या वर आलेली नाही. चार वर्षं तुम्ही भाड्याच्या घरात राहताय."

"मुलुंडमधेच राहतोय ना! तुमच्याकडं चाकणला जायला दोन तास."

"पावणेदोन."

"मुंबईत निदान कुणी पत्र्याच्या खोलीला टेरेस फ्लॅट म्हणत नाही."

आता ती खोली माझी होती. मी स्वतः बांधलेली. मला राहवलं नाही.

"पत्रा सिमेंटचा आहे. भाडं साडेपाच हजार, तीन वर्षांत एक रुपया वाढवला नाही. खोली दहा बाय अकरा. स्वयंपाकाचा ओटा बाहेर गच्चीत आहे, पण त्यावर छप्पर मी स्वखर्चानं घातलंय."

अक्षयनं मान खाली घातली होती. काशिनाथरावांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"गच्चीत? वन रूम किचन आहे असं सांगितलं होतं आम्हाला."

मग मला घाटाच्या अलीकडची ती शांतता कळली. अक्षयनं खोटं सांगितलं होतं असंही म्हणवत नाही. खोली एक होती आणि स्वयंपाक होत होता. पण दहा बाय अकरा हा आकडा माझ्या तोंडून गेला होता आणि मी तो नको तितका अचूक सांगितला होता.

काशिनाथराव शांतपणे म्हणाले, "दिलीपसाहेब, तुम्ही आमचे जुने. हे पावणे पण सज्जन दिसतात. पण पुण्याचं तुमच्याकडनं ऐकलं, मुंबईचं यांच्याकडनं ऐकलं. दोन्हीकडं राहू नये असं तुम्ही दोघं मिळूनच सांगताय. मग पोरगी कुठं द्यायची आम्ही?" आणि बहिणीला म्हणाले, "ताई, तबक आत ने."

पंचवीस वर्षं जो आमचा खेळ होता, तो इथं कुणीतरी शब्दशः ऐकला होता आणि त्यावर निर्णय घेतला होता. दिलीपराव पहिल्यांदाच घाईघाईनं पुण्याची बाजू घेऊ लागले, हवा चांगली आहे, माणसं तशी वाईट नाहीत वगैरे. मी मुंबईची. पण कुणी ऐकत नव्हतं. तबक आत गेलं होतं. सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि अक्षय चपलांकडं बघत होता, उठायचं की कसं ते ठरत नसल्यासारखा.

तबक पुन्हा बाहेर आलं. ते वैभवीच्या हातात होतं. साधा पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले. तिनं ते होतं त्याच जागी ठेवलं आणि बसली.

"बाबा, मला कुनी विचारलंच नाय अजून."

"काय विचारायचं आता?"

तिनं वडिलांना उत्तर दिलं नाही. अक्षयकडं वळली. "किचन हाये म्हनालास ना मला?"

"ओटा हाये."

"गच्चीत."

"छप्पर हाये ना वर."

आत्यांना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात दडपलं. वैभवीला आलं नाही.

"परत असं अर्धं सांगायचं नाय. मी नोकरी सोडनार नाय आनि पुन्याला बी येनार नाय. आत्याला टाकून कुटं जानार नाय. तू पुनं सोडशील का, तेवडं सांग."

"सोडीन. पगार कमी होईल."

"माजा हाये ना."

मी दिलीपरावांकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं. आम्ही दोघं या मुलाच्या बाजूनं बोलायला आलो होतो. मुलगी तीन वाक्यांत जिथं पोचली, तिथं आम्ही पोचलोच नव्हतो. वर मला दुसरा धक्का बसला तो सुमनबाईंचा. मला वाटलं, मुलगा चांगली नोकरी सोडतोय म्हणून त्या रडतील. त्यांनी पदर खाली केला आणि म्हणाल्या, "मला तं पुनं कदीच आवडलं नव्हतं. भाऊ बसलेत म्हनून बोलले नाय इतकी वर्सं."

तीन वर्षं दिवाळीला त्या माझ्याकडं तांदूळ पाठवत होत्या.

"मग आला की मुरबाडातच ठेवीन," सुमनबाई पुढे म्हणाल्या. "एमआयडीसी दारात हाये."

"मुरबाडला?" आत्यांचा आवाज चढला. "माजी पोर कल्यानला कशी जायची? हाये का गाडी तुमच्याकडं?"

"गाडी नाय, पन नोकऱ्या हायेत. शहापूरवाल्यांकडं काय हाये? नुसती धरनं."

"धरनं हायेत म्हनून मुंबई जिती हाये. मुरबाड बंद पडलं तं कल्यानला तरी कळेल का?"

"बाजार बघा आमचा येऊन एकदा."

"बाजार! बैलांचा!"

माझा विश्वास बसेना. पाच मिनिटांपूर्वी ज्यांनी आम्हाला गप्प केलं होतं, त्याच दोघी आता गुडघ्यावर हात ठेवून, पुढे वाकून, तालुक्यासाठी भांडत होत्या. आणि अगदी आमच्याच पद्धतीनं: एकीनं काही म्हणायचं, दुसरीनं त्यातलंच काही उचलून परत मारायचं. दिलीपराव माझ्या कानात म्हणाले, "अनिलराव, आपण असे दिसतो?" मी म्हणालो, "याहून वाईट. आपलं पंचवीस वर्षं चाललंय."

या भांडणात एक फरक होता. त्यांना ते संपवायचं होतं. काशिनाथरावांनी विचारलं, "मुरबाडला नोकरी आणि वाशिंदला घर, असं नाय जमणार? मोटारसायकलनं जाईल-येईल. रात्रीचं जेवण इथं."

"आनि सुट्टी माज्याकडं," सुमनबाई लगेच म्हणाल्या. "दोघांची. ती नाय सोडनार मी."

"सुट्टी तुमच्याकडं," आत्या म्हणाल्या. "पन सनाला इकडं."

"होळीला तिकडं. राबाचं काम असतं."

"बरं, होळी तुमची."

काशिनाथरावांनी अडकित्ता उचलून सुमनबाईंच्या हातात दिला. सुपारी जुनी होती, पहिल्या दाबाला फुटली नाही. दुसऱ्यांदा फुटली.

जेवायला तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, वालाची उसळ आणि कोंबडीचा रस्सा. रस्सा इतका झणझणीत की मला दोनदा पाणी मागावं लागलं, आणि दोन्ही वेळा त्या निळ्या जारकडं बघत मी घोट मोजून घेतला. वाढताना आत्यांनी आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवलं.

"तुमची दोघांची लग्नं कशी जमली हो?"

"आमच्या बायका बहिणी आहेत. सांगलीच्या."

"म्हंजे पुन्याच्या नाय नि मुंबईच्या बी नाय."

"नाही."

"तरीच टिकली," म्हणाल्या, आणि दिलीपरावांच्या पानात, ते नको नको म्हणत असताना, आणखी एक भाकरी टाकली.

सुमनबाईंना घरी सोडून माझ्या गाडीतून परतताना घाटात अंधार झाला. मला एकच गोष्ट सारखी सलत होती: मी आणि दिलीपराव इतकी वर्षं दोन शहरांची बाजू घेऊन भांडलो, पण त्या ओटीवर त्यातलं एकही शहर कुणाला नको होतं. मुंबई त्यांच्या लेखी कामाची जागा होती आणि पुणे माणूस हरवायची. ज्या जागांसाठी त्या दोघी खरोखर भांडल्या, त्यांची नावं पुण्यात मी कुणाला सांगितली तर "ते कुठं आलं?" असं विचारतील. मीही परवापर्यंत विचारलं असतं.

घाटमाथ्यावर चहाला थांबलो तेव्हा अक्षय म्हणाला, "काका, राग आला का?"

"कशाचा?"

"खोली सोडतोय त्याचा."

"राग नाही," मी म्हणालो. "दहा बाय अकराच आहे ती."

महिन्याभराच्या नोटिशीनंतर अक्षयनं पुण्यातली नोकरी सोडली. मुरबाडला लागली, पगार चार हजारांनी कमी. वाशिंदला वैभवीनं दोन खोल्यांचं घर भाड्यानं पाहिलं, आत्यांच्या घरापासून पायी जाण्याजोगं. माझ्याकडं अक्षयची अनामत पंधरा हजार होती. करारात रंगरंगोटीचे दोन हजार कापून घ्यायची अट आहे आणि आजवर प्रत्येक भाडेकरूकडून मी ते कापलेत. अक्षय म्हणाला, पैसे माझ्या खात्यात नकोत, थेट तिकडच्या घरमालकीणबाईंना पाठवा, त्यांची अनामतही तेवढीच आहे.

वाशिंदच्या घरमालकीणबाईंना पूर्ण पंधरा हजार पाठवले.